न ओळखलेली खिरापत

‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ असं कुणी विचारलं की अजूनही माझं टाळकं सटकतं. कोकणातल्या म्हणावं, तर कोकण सोडून कराचीला गेले ते माझे आजोबा. मी कोकण पाहिलंसुद्धा नव्हतं. कराचीच्या म्हणावं, तर समोरचा माणूस लगेच मान डोलावून म्हणणार, ‘म्हणजे सिंधी!’ अहो, कसल्या सिंधी? आमच्या घरात स्वयंपाक मराठी, सणवार मराठी आणि आईबाबांची भांडणं तर अस्सल मराठी. पण फाळणी झाली, बोटीत बसून आम्ही मुंबईला उतरलो, आणि सरकारने सगळ्यांबरोबर आम्हालाही कल्याण कॅम्पात आणून टाकलं. पुढे त्याचं उल्हासनगर झालं, तरी आजूबाजूचे लोक कॅम्पच म्हणत राहिले. आणि कॅम्पात राहतो तो सिंधी, असा साधा सरळ हिशेब होता.

गंमत अशी की कॅम्पातले सिंधी लोक आम्हाला म्हणायचे, ‘तुमचं काय बाबा, तुम्ही तर आपल्या मुलखात आलात.’ डोंबलाचा आपला मुलूख! लष्कराच्या जुन्या बराकीत गोणपाटाचे पडदे लावून केलेली एक खोली, बाहेर सगळ्यांत मिळून एक नळ, आणि आंघोळीला गोणपाटाचाच आडोसा. पडद्यापलीकडे एक सिंधी कुटुंब होतं. त्यातल्या बाईला आम्ही चाची म्हणायचो. दिवसभर ती पापड लाटायची. पडद्याच्या या बाजूला आई, बाबा, माझी ताई आणि मी. ताई पंधरा वर्षांची होती आणि मी तिच्याहून चार वर्षांनी लहान.

ही गोष्ट ताईची आहे. ती आधी कशी होती ते सांगायलाच हवं, कारण नंतर ज्यांनी तिला पाहिलं त्यांचा विश्वास बसत नसे. कराचीत आमच्या मराठी शाळेत कविता म्हणायला उभी केली की ताईच. हसायला लागली की पार खाली बसून हसायची. आणि भोंडला म्हणजे तर तिचा जीव की प्राण. नवरात्रात आमच्या चौकात पाटावर हत्ती काढून मुली फेर धरायच्या, मराठी मुलींबरोबर शेजारच्या सिंधी मुलीही यायच्या आणि अर्धीमुर्धी गाणी ठोकून द्यायच्या. गाणी संपली की खिरापत. ती आधी झाकलेली असते, डबा वाजवून दाखवायचा, मुलींनी ओळखायची. ओळखली की झाकण उघडायचं, नाहीतर ‘हरलो’ म्हणायचं आणि मग उघडायचं. तोवर कुणाच्या तोंडात कण पडायचा नाही. आपली खिरापत कुणाला ओळखता येऊ नये यासाठी मुली काय काय डोकं लढवायच्या! ताईची खिरापत तर कुणाच्या बापाला ओळखता येत नसे. ‘हरलो’ ऐकलं की ती अशी काही ताठ बसायची, की जणू तिला गादीच मिळाली.

कॅम्पातून आम्ही दोघी अंबरनाथच्या मराठी शाळेत चालत जायचो. वाटेत वालधुनी नदीवरचा पूल लागायचा. तिथपर्यंत ताई बोलायची, पुलावर आली की गप्प व्हायची. शाळेत तिचं नाव कुणी घेत नसे. ‘ए कॅम्पवाली’, नाहीतर ‘पाकिस्तानवाली’. पहिल्याच महिन्यात तिने वर्गात कविता म्हटली. बाईंनी ऐकली आणि कौतुकाने म्हणाल्या, ‘अरे वा, मराठी छान येतं की तुला!’ ताईने सांगितलं, ‘बाई, माझी मातृभाषाच आहे.’ अख्खा वर्ग हसला. आमच्या बोलण्याला सिंधी हेल होता, त्याला आम्ही काय करणार? तिच्या बाकावर दुसरी मुलगी कधी बसली नाही. पाण्याच्या माठाजवळ गेली की दुसरी कुणीतरी ओगराळं उचलायची आणि वरून ओंजळीत पाणी ओतायची. ताई म्हणायची, ‘किती चांगल्या आहेत गं, मला हातसुद्धा लावू देत नाहीत.’ खरंच तसं वाटत होतं तिला, की माझ्यासाठी म्हणत होती, देव जाणे.

वर्गात एका कारखान्याच्या अधिकाऱ्याची मुलगी होती, बंगल्यात राहणारी. आम्ही घरी तिला बंगलेवाली म्हणायचो. वर्गाचा भोंडला तिच्या अंगणात सुरू झाला, मग रोज एकेकीकडे. ताईला कुणी बोलावलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं, म्हणून ती जायची आणि फेराच्या कडेला मिळेल तिथे हात घालायची. एके दिवशी तिने धीर करून विचारलं, ‘एक दिवस माझ्याकडे?’ सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. बंगलेवाली म्हणाली, ‘हो, येऊ की.’

ताई पुलावरसुद्धा बोलत घरी आली. आईने कपाळाला हात लावला. ‘अगं, इथे? कुठे बसवायच्या त्या पोरी?’ पण ताईने ऐकलं नाही. बराकीपुढची जमीन तिने झाडली, शेण कुठून तरी पैदा करून सारवली. आणि खिरापत ठरवली लोला. लोला म्हणजे तूप आणि गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून केलेली जाडजूड गोड भाकरी, सिंधी लोक थदडी नावाच्या सणाला करतात आणि दुसऱ्या दिवशी गार खातात. श्रावणात चाचीने आम्हाला दिली होती. ताई म्हणाली, ‘या अंबरनाथकरणींच्या स्वप्नातसुद्धा येणार नाही!’ चाचीने आपल्या वाटणीतलं तूप दिलं आणि शेजारी बसून शिकवलं. वेलचीच्या वासाने मी वेडी झाले होते, पण मला एक तुकडा मिळेल तर शपथ. ‘ओळखल्याशिवाय नाही,’ ताई म्हणाली, आणि आईच्या पितळी डब्यात सगळे लोले भरून तिने झाकण लावलं.

त्या आल्या. खरंच आल्या, चांगल्या दहाबारा जणी, नवी परकर-पोलकी घालून. ताईने पाटावर हत्ती काढला होता. फेर धरला, गाणी झाली, बराकीतल्या बायका आणि पोरं कौतुकाने बघत उभी होती. मग ताई डबा घेऊन मधे बसली. तिने डबा हलवला, आत धपधप आवाज झाला.

‘तिखट की गोड?’

‘गोड!’

‘लाडू!’ एकजण म्हणाली. नाही. ‘करंजी!’ नाही. ‘शिरा!’ ‘अगं, शिरा वाजेल का?’ ताई खदखदून हसली. ‘लाडू!’ पुन्हा कुणीतरी म्हणालं. ‘झाला की लाडू सांगून!’ ‘बरं मग, करंजी.’ अशी भराभरा, एकमेकींकडे बघत, तीच तीच नावं त्या घेत होत्या. मग बंगलेवाली उठली, परकर झटकला आणि म्हणाली, ‘बाई बाई, दिवेलागण होत आली. पण हरलो म्हणणार नाही हं आम्ही! उद्या शाळेत ओळखू.’ आणि सगळ्या निघाल्यासुद्धा.

ताईचे पाय जमिनीवर नव्हते. ‘बघितलंस? एकीलासुद्धा नाही आली!’ मी म्हटलं, ‘मग आता उघड.’ तर म्हणे, त्या हरल्या कुठेत? उद्या ओळखणार आहेत. नियम म्हणजे नियम. मी इतकी चिडले, की तिच्याशी अबोला धरून झोपले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती डबा घेऊनच गेली. शाळेपर्यंत तो जड डबा काखेत मारून चालली होती बिचारी. ‘ओळखा ना,’ ती एकेकीला म्हणत होती. ‘बघू नंतर.’ ‘आत्ता नको गं.’ असं करत करत माठाजवळ एक मुलगी भेटली, त्यातल्या त्यात बरी, गरीब स्वभावाची. मी ताईच्या शेजारीच उभी होते. ती मुलगी हळूच म्हणाली, ‘अगं, तू कशाला पाठी लागतेस? ओळखली असती तर खावी लागली असती ना. आईने सांगितलंय, कॅम्पातलं काही तोंडात घालायचं नाही. तिकडच्या माणसांना वास येतो म्हणे. म्हणून आधीच ठरवलं होतं, कुणीच ओळखायची नाही.’

तिने हे दुष्टपणाने सांगितलं नाही हो. समजावून सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तिच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटलं, पण ताई नुसती म्हणाली, ‘असं होय.’ थोडी हसलीही. संध्याकाळी पुलावर थांबून तिने मला विचारलं, ‘माझा वास येतो का गं?’

मी म्हटलं, ‘छे!’ तिने मनगट माझ्या नाकाला लावलं. ‘नीट बघ.’

त्या दिवसापासून हेच सुरू झालं. सकाळी उठली की मनगट पुढे. शाळेला निघताना, शाळेतून आल्यावर, जेवता जेवता. आधी नुसतं विचारायची, मग धुवायला लागली. नळाला पाणी यायचं तेव्हा तिची बादली सगळ्यांच्या आधी. राखेने हात घासायची, नारळाच्या काथ्याने दंड घासायची, कोपरं सोलवटून निघाली तरी थांबायची नाही. नळावरच्या बायका कटकट करायला लागल्या, ‘एवढं पाणी? राणी आहे का ही?’ आंघोळीला जाताना तो डबासुद्धा गोणपाटाच्या आडोशाला घेऊन जायची. दिवसा मांडीवर, रात्री उशाशी. आई म्हणायची, ‘आतलं सगळं कुजलं असेल गं, दे तो डबा.’ हात लावू गेलं तर ताई अशी बघायची, की आई हात मागे घ्यायची. वास मात्र कधी आला नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. शाळा सुटली ती सुटलीच. मुख्याध्यापिका बाबांना म्हणाल्या, ‘नाव काढून घ्या, दुसऱ्या मुलींवर परिणाम होतो.’ बघा म्हणजे! परिणाम म्हणे दुसऱ्या मुलींवर!

मग ती बोलेनाशी झाली. तो एक प्रश्नसुद्धा तोंडाने विचारणं बंद झालं, नुसतं मनगट पुढे करायची. आईने पालेगावच्या बाजूने एक भगत आणला. त्याने लिंबू उतरवलं, निंबाचा पाला झोडला आणि सांगितलं, दर्या ओलांडताना काहीतरी पाठी लागलंय. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लाल औषधाची बाटली दिली आणि बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, ‘वयात आलेली मुलगी आहे, उजवून टाका, सगळं जागेवर येईल.’ बाबा एकदा तिला अंबरनाथच्या जुन्या देवळात घेऊन गेले, पायरीवर डोकं टेकून कितीतरी वेळ बसले. मी बाबांना रडताना तेव्हाच पाहिलं. पोरीच्या मनाला काही झालंय, असं एकाच्याही तोंडून आलं नाही. मनाला होतं काही, हे माहीतच नव्हतं कुणाला. पोट दुखतं, ताप येतो, भूत लागतं, बस्स. आणि माझी हसणारी ताई माझ्या डोळ्यांदेखत झिजत चालली होती. ती मरणार, असं मला रोज वाटायचं, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती.

चाची हे सगळं पडद्यापलीकडून ऐकत होती. एका दुपारी ती पोळपाट उचलून आमच्याच दाराशी येऊन बसली आणि पापड लाटायला लागली. सिंधीतच बोलायची ती, आम्हाला कळायचं. ताईने सवयीने मनगट पुढे केलं. चाचीने हातातलं लाटणं ठेवलं, मनगट धरलं आणि चांगला लांब श्वास घेतला.

‘येतो,’ ती म्हणाली.

आईच्या हातातलं भांडंच पडलं. आम्ही सगळे इतके दिवस घसा फोडून ‘नाही, नाही’ म्हणत होतो, आणि ही बया!

‘येतो ना, पुट,’ चाची म्हणाली. पुट म्हणजे लेकरू. ‘तुपाचा येतो. राखेचा येतो. थोडा माझ्या पापडातल्या मिऱ्याचा येतो. माणूस आहेस, वास नको का यायला? वास नाही येत तो दगडाला.’ आणि तिने स्वतःचं मनगट ताईच्या नाकापुढे धरलं. ‘माझा बघ.’

ताईने खरंच वास घेतला. त्या दिवशी ती एकदाच आंघोळीला गेली.

मग चाची रोज यायला लागली. आणि पापड लाटता लाटता त्या डब्याकडे बघून म्हणायची, ‘हं, आज ओळखते. सातपुडा?’ ही त्यांची एक मिठाई. ताई मान हलवायची. नाही. ‘गाजराचा हलवा?’ नाही. अहो, जिने स्वतः तूप दिलं, शेजारी बसून शिकवलं, तिला आत काय होतं ते ठाऊक नव्हतं का? पण ती लोल्याचं नाव काढायची नाही. मिठायांची नावं संपली तेव्हा भाज्यांवर आली. ‘भेंडी?’ ‘कमळकाकडी?’ ‘माझ्या सासूचं नाक?’ तेव्हा ताईच्या ओठांचा कोपरा हलला. मी बघितलं ते. धावत जाऊन आईला सांगितलं, तर आई पदरात तोंड घालून रडत बसली.

हिवाळा असाच गेला. एका संध्याकाळी चाचीने ‘विटा? चुना?’ असं काहीतरी विचारलं, आणि ताई म्हणाली, ‘हरलात?’

कितीतरी महिन्यांनी आवाज आला होता तो, घोगरा, अडकलेला. चाचीने लाटणं थांबवलंसुद्धा नाही. म्हणाली, ‘मी? मी नाही बाई हरणाऱ्यातली. उद्या ओळखीन.’ माझ्या तेव्हा लक्षात आलं, त्या मुलींनीही अगदी हेच शब्द वापरले होते. पण त्या परत आल्या नाहीत आणि चाची रोज यायची.

रोज थोडं थोडं बोलणं सुरू झालं. ताई चाचीचे पापड वाळत घालायला लागली. आईने देवापुढे साखर ठेवली. आणि नेमकं तेव्हा चाचीच्या नवऱ्याला कुणा नातेवाईकाने इंदूरला दुकानात बोलावलं. सामान ते काय, एक ट्रंक आणि पोळपाट. जाताना चाची ताईपाशी आली, डब्यावर टकटक केलं आणि म्हणाली, ‘अजून हरले नाही हं. येईन तेव्हा ओळखीन.’ ताई टांगा दिसेनासा होईपर्यंत बराकीपुढे उभी राहिली, आणि आत आल्यावर बादली उचलून आडोशाला गेली. डबा त्या दिवशी पहिल्यांदाच मागे राहिला. आईने घाबरत घाबरत झाकण काढलं. आत काही नव्हतं. लोल्याचा कण नाही, बुरशी नाही. आतली कल्हई घासून घासून पार गेली होती आणि पिवळंजर्द पितळ उघडं पडलं होतं. ते लोले तिने कुठे टाकले, पुलावरून वालधुनीत की आणखी कुठे, ते तिने कधी सांगितलं नाही. आईने झाकण लावलं आणि डबा होता तिथे ठेवला.

चाची परत आली नाही. इंदूर कुठे आणि कॅम्प कुठे.

पुढे बाबांना जरा बरं काम लागलं आणि आम्ही बदलापूरला दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आलो. मी शिकले, तिथल्याच शाळेत मास्तरीण झाले. ताईची शाळा राहिली ती राहिलीच. दोन स्थळं आली, पण मनगट पुढे करण्याची कुणकुण लागली आणि गेली. ती घरातलं सगळं करायची, विचारलं तर बोलायची, कधी कधी चार चार महिने बरी असायची. आम्ही तेवढ्यात समाधान मानायला शिकलो होतो.

एका चैत्रात दारावर एक नवी सून आली, आईला हळदीकुंकवाचं बोलावणं करायला. भरजरी पातळ, गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र. मी लगेच ओळखलं, बंगलेवाली. बदलापुरात दिली होती तिला. ताई आतून पाणी घेऊन आली. बंगलेवालीने तांब्या घेतला, घटाघटा पाणी प्यायली, आणि मग तिच्याकडे बघून ओरडलीच, ‘अगबाई! तू ती शाळेतली ना? अगं, तुझ्याकडचा भोंडला मी अजून सासरी सगळ्यांना सांगते! कुणाला म्हणता कुणाला तुझी खिरापत ओळखता आली नाही. काय हुशार मुलगी! काय होतं गं त्यात?’

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. खोटेपणाचा लवलेश नव्हता. ती विसरली होती. अगदी खरंखुरं, निखळ विसरली होती. आता हिला चांगली फैलावर घेते म्हणून मी पुढे झाले, तोच ताई म्हणाली, ‘हरलीस?’

‘हरले बाई, हरले!’ ती हसत म्हणाली.

‘लोला,’ ताई म्हणाली.

‘म्हणजे काय गं?’

मग ताईने सांगितलं. तूप किती, गुळाचं पाणी कसं करायचं, कणीक घट्ट मळायची, वेलची शेवटी, आणि मंद आचेवर उलटत राहायचं. इतकं सलग ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती. मी दाराला टेकून ऐकत होते. बंगलेवालीने मन लावून ऐकलं, आणि गाल फुगवून, लाडिक रागाने म्हणाली, ‘इतकं छान होतं, तर द्यायचं नाही का गं? खाल्लं असतं की आम्ही!’

आईला ‘या हं नक्की’ म्हणून ती पुढच्या घरी गेली. ताईने रिकामा तांब्या उचलला, खाली ठेवला, आणि मनगट माझ्या नाकापुढे धरलं. ‘येतो’ म्हणावं, चाचीसारखं काहीतरी म्हणावं म्हणून मी श्वास घेतला, पण माझे शब्द जुळेपर्यंत ती आत मोरीत गेली होती, आणि बादलीत पाणी पडायला लागलं होतं.